आपलं शरीर, आपला विश्वास: कॉलेजातल्या मुलांची आणि मुलींची भीती वेगळी का असते?

हा भाग जसा बोललो तसाच जवळजवळ इथे उतरवला आहे. बोलताना जी वाक्यं अर्धी राहिली ती पूर्ण केली, एवढाच फरक. विषय लैंगिक आहे, भाषा साधी आहे. अठराच्या पुढच्या सगळ्यांनी वाचावं, आणि ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारं मूल आहे त्यांनी तर नक्कीच वाचावं.

सकाळी देवळाली प्रवरात किंवा राहुरी फॅक्टरीवर एसटीची वाट पाहणारी पोरं-पोरी बघा. कुणी राहुरीला, कुणी श्रीरामपूरला, कुणी लोणीला, कुणी थेट नगरला निघालेलं असतं. मुलगी दर दोन मिनिटांनी ओढणी सारखी करते, मोबाइलच्या काळ्या स्क्रीनमध्ये चेहरा बघते, खांदे जरा आत ओढून उभी राहते. मुलगा टी-शर्टच्या बाह्या वर सरकवतो, छाती थोडी पुढे काढतो, केसांतून हात फिरवतो. तिला आपण कमी दिसावं असं वाटतंय, त्याला आपण जास्त दिसावं असं वाटतंय. पण दोघांच्या डोक्यात प्रश्न एकच आहे: “मी ठीक आहे ना?”

हा प्रश्न स्टँडवर संपत नाही. तो मैत्रीत जातो, प्रेमात जातो, लग्न ठरताना जातो आणि लग्नाच्या पहिल्या रात्री खोलीतही जातो. म्हणून आज हे जरा उलगडून बघू.

दोन शब्द आधी समजून घेऊ

पहिला शब्द शरीर-प्रतिमा, म्हणजे आपलं शरीर आपल्या मनात कसं आहे ते. आरशात असतं ते वेगळं आणि मनात असतं ते वेगळं. पंचावन्न किलोची मुलगी मनात सत्तर किलोची असू शकते. रोज जिमला जाणारा, दंड भरलेला मुलगा मनात शाळेतला ‘काडी पैलवान’च राहिलेला असू शकतो.

दुसरा शब्द लैंगिक आत्मविश्वास. हा शब्द ऐकला की पुष्कळांना वाटतं, म्हणजे बेधडक असणं, अनुभव असणं. तसं नाही. आपल्या शरीराची माहिती असणं, त्याची लाज न वाटणं, काय हवंय ते सांगता येणं, नको असेल तर ‘नको’ म्हणता येणं, आणि समोरच्याचं ‘नको’ ऐकून घेता येणं, हा खरा आत्मविश्वास. एकही अनुभव नसलेल्या माणसाकडे तो असू शकतो. आणि दहा ठिकाणी बढाया मारणाऱ्याकडे तो नसूही शकतो.

या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. ज्याला स्वतःच्या शरीराची लाज वाटते, त्याला त्या शरीराबद्दल बोलता येत नाही. आणि ज्याबद्दल बोलता येत नाही, तिथे ‘हो’ही नीट म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही.

मुलींचं काय होतं?

मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की घरातले शब्द बदलतात. ‘नीट बस’, ‘ओढणी घे’, ‘एवढ्या मोठ्यानं हसू नको’, ‘उन्हात जाऊ नको, काळी पडशील’. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण ऐकणारीच्या मनात एक गोष्ट पक्की बसते: माझ्या शरीराकडे कुणीतरी सतत बघतंय, आणि त्या बघण्याची जबाबदारी माझी आहे.

बारबरा फ्रेडरिक्सन आणि टॉमी-अॅन रॉबर्ट्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली यावर एक सिद्धांत मांडला. त्यांचं म्हणणं असं की मुलींकडे लहानपणापासून ‘बघण्याची वस्तू’ म्हणून पाहिलं गेलं की पुढे मुली स्वतःकडेही तशाच, बाहेरून बघायला लागतात. जणू डोक्यात एक सीसीटीव्ही बसतो आणि तो स्वतःवरच रोखलेला असतो.

पुढच्याच वर्षी फ्रेडरिक्सन यांनी एक प्रयोग केला. कॉलेजच्या मुला-मुलींना एकेकट्यानं खोलीत, आरशासमोर, काहींना स्विमसूट आणि काहींना स्वेटर घालायला दिला आणि गणितं सोडवायला सांगितली. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. तरी स्विमसूट घातलेल्या मुलींची गणितं स्वेटरवाल्या मुलींपेक्षा बिघडली. मुलांच्या गणितावर तसा फरक पडला नाही. म्हणजे डोक्याचा एक हिस्सा ‘मी कशी दिसतेय’ यात अडकला की उरलेल्या कामाला डोकं कमी पडतं. आता विचार करा, वर्गात, परीक्षेत, मुलाखतीत, मैदानावर हा हिस्सा रोज अडकलेला असेल तर किती वाया जातं?

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे लग्नाचा बाजार. बायोडेटावर उंची, रंग, बांधा. ‘स्थळाला सडपातळ, गोरी मुलगी पाहिजे’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की त्यात काही खटकतच नाही. गोरं करणारी क्रीम आपल्या बाजारात १९७५ पासून आहे. त्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ जायला २०२० साल उजाडलं. नाव बदललं, पण बायोडेटावरचा रंगाचा रकाना तसाच आहे.

आणि ‘सडपातळ’ राहण्याची किंमत काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या, म्हणजे अॅनिमियाच्या निघाल्या. अशा राज्यात एखादी मुलगी डबा अर्धा परत आणते, नाश्ता टाळते, तेव्हा ते नुसतं ‘डाएट’ नसतं. आधीच रक्त कमी असलेल्या शरीरातून आणखी काढून घेणं असतं. मग चक्कर, थकवा, केस गळणं, पाळीचा गोंधळ. आणि पुन्हा आरशासमोर: “मी अशी का दिसते?”

मुलांचं काय होतं?

मुलांना काही होत नाही, असा एक समज आहे. ‘पोरांचं काय, ते कसेही दिसले तरी चालतं.’ हे खरं नाही. फरक एवढाच आहे की मुलीला लाज वाटली तर ती निदान मैत्रिणीला सांगते. मुलगा कुणालाच सांगत नाही. तो हसण्यावारी नेतो.

मुलांची भीती तीन-चार ठिकाणी साठलेली असते: उंची, दंड-छाती, दाढी-मिशी आणि लिंगाचा आकार. आपल्या भागात तालमीची परंपरा मोठी. पैलवानाच्या शरीराला मान आहे आणि तो रास्तही आहे, कारण ते वर्षानुवर्षांच्या मेहनतीचं शरीर असतं. पण त्याच्या दुसऱ्या बाजूला, जो तसा नाही त्याची टिंगल होते. ‘नटरंग’ सिनेमा आठवा, २०१० चा. पैलवानी शरीराचा गुणा तमाशासाठी नाच्या होतो आणि सगळं गाव त्याच्या पुरुषपणावर बोट ठेवतं. माणूस तोच असतो. शरीर बदललं, चाल बदलली, की लोकांनी दिलेला मान काढून घेतला. प्रत्येक बारीक, नाजूक चालीच्या, पातळ आवाजाच्या मुलानं कॉलेजात याची छोटी आवृत्ती सोसलेली असते.

आता तालमीची जागा जिमनं आणि मोबाइलवरच्या रील्सनी घेतली आहे. व्यायाम उत्तमच. पण तीन महिन्यांत रीलमधल्यासारखं शरीर हवं म्हटलं की कुणीतरी पावडर सुचवतं, मग गोळी सुचवतं, मग इंजेक्शन. बाहेरून स्टिरॉइड घेतलं की मेंदूला वाटतं, शरीरात पुरुष-संप्रेरक भरपूर आहे, आता स्वतःचं बनवायची गरज नाही. मग वृषण आकसतात, शुक्राणू कमी होतात, काहींची छाती बायकांसारखी फुगते, आणि औषध बंद केल्यावर लैंगिक इच्छाही मंदावते. पुरुषासारखं दिसण्यासाठी घेतलेली वस्तू पुरुष-संप्रेरकाचीच फॅक्टरी बंद पाडते.

दोघांचाही अंदाज चुकतो

आता एक गंमत सांगतो, आणि या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

१९८५ साली अमेरिकेत एप्रिल फॅलन आणि पॉल रोझिन यांनी पावणेपाचशे कॉलेज विद्यार्थ्यांना बारीकपासून जाडपर्यंत नऊ आकृत्या दाखवल्या. विचारलं: तुम्ही यातले कोण? तुम्हाला कोण व्हायचंय? समोरच्या लिंगाच्या व्यक्तीला यातलं कोण आवडत असेल?

मुलांची तिन्ही उत्तरं जवळजवळ एकाच आकृतीवर आली. म्हणजे बहुतेक मुलं ‘आहे ते ठीक आहे’ या मताची. मुलींची तीन उत्तरं मात्र तीन ठिकाणी. आपण आहोत ती आकृती जाड, मुलांना आवडेल असं वाटतं ती त्याहून बारीक, आणि स्वतःला व्हायचंय ती आणखी बारीक. पण खरी मेख पुढे आहे. मुलांना खरंच आवडलेली आकृती, मुलींना वाटत होती तेवढी बारीक नव्हतीच. आणि मुलांचाही अंदाज चुकलेला. त्यांना वाटत होतं की मुलींना भरदार पुरुष आवडतात. मुलींना आवडलेली आकृती त्याहून हलकी निघाली.

२००० साली हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या कॉलेजवयीन मुलांना संगणकावर शरीरं दाखवून असंच विचारलं. या मुलांना स्वतःपेक्षा सुमारे १३ किलो जास्त स्नायूंचं शरीर हवं होतं, आणि मुलींना तर त्याहूनही थोडं जास्त आवडत असणार असं त्यांना वाटत होतं. बायकांना विचारलं तेव्हा त्यांनी साधंसुधं, बिनफुगवलेलं पुरुषी शरीर पसंत केलं.

म्हणजे बघा मंडळी. ती त्याच्यासाठी उपाशी राहते, आणि त्याला ते नकोच आहे. तो तिच्यासाठी इंजेक्शन घेतो, आणि तिला ते नकोच आहे. दोघं एकमेकांना विचारतच नाहीत. विचारणार कसे? आपल्याकडे बाकावर शेजारी बसले तरी चर्चा होते.

हे अभ्यास परदेशातले आहेत, त्यातले किलो आणि आकृत्या जशाच्या तशा राहुरी तालुक्यावर चिकटवायच्या नाहीत. पण न विचारता अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजाला घाबरायचं, ही पद्धत आपल्याही ओळखीचीच आहे. किंबहुना मुला-मुलींचं बोलणं जिथे जास्त तुटलेलं, तिथे अंदाज चुकायला जागाही जास्त.

शरीराची लाज खोलीत कशी जाते?

मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीनं १९७० साली एक निरीक्षण नोंदवलं. ज्यांना लैंगिक संबंधात अडचण येते, त्यातली पुष्कळ माणसं त्या क्षणी स्वतःचेच प्रेक्षक झालेली असतात. शरीर गादीवर, आणि मन छताला लटकून वरून बघतंय.

मुलीचं मन काय बघतं? पोट सुटलंय का, मांड्यांवरच्या रेषा दिसतायत का, अंगावर केस आहेत, लाइट बंद करावा का. २००० साली मायकल वीडरमन यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींना याबद्दल विचारलं, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मुलींनी सांगितलं की जवळिकीच्या वेळी निदान कधीतरी मनात शरीराचीच काळजी असते. यातला धडा असा की त्या काळजीचा खऱ्या वजनाशी असलेला संबंध पुरता नव्हता. बारीक मुलीही काळजीत होत्या.

मुलाचं मन काय बघतं? होईल का, टिकेल का, ‘पुरेसं’ आहे का. म्हणजे तिला दिसण्याची परीक्षा वाटते आणि त्याला करून दाखवण्याची. मुला-मुलींतला मुख्य फरक विचाराल तर हा आहे.

आणि शरीराला परीक्षा कळते. भीती वाटली की अॅड्रिनलीन वाढतं, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ताठरता ही रक्तपुरवठ्यावर चालते, त्यामुळे ती जाते. मुलगा घाबरतो, पुढच्या वेळी आणखी घाबरतो, आणि चक्र सुरू. मुलीच्या बाबतीत ओलावा येत नाही, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले जातात, दुखतं. दुखलं की पुढच्या वेळी आधीच आवळले जातात. दोघांनाही वाटतं आपल्यात काहीतरी खोट आहे. खोट नसते. भीतीचं शरीरशास्त्र असतं ते.

आता हे आपल्या परिस्थितीत ठेवून बघा. समजा ठरवून लग्न झालंय. दोघांनी एकमेकांशी मोकळं बोलायला चार वेळा फोन. आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात पहिली रात्र. त्याच्यावर ‘पुरुष’ असल्याचं सिद्ध करायचं ओझं, तिच्यावर ‘चांगली मुलगी’ असल्याचं. तो थांबायचं म्हणू शकत नाही, कारण मित्र उद्या विचारणार. ती थांब म्हणू शकत नाही, कारण तसं म्हणायचं असतं हेच तिला कुणी सांगितलेलं नाही. त्या रात्री ज्याला त्रास होतो तो वर्षानुवर्षं पुरतो.

ज्या गोष्टींसाठी उगाच झोप उडते

आता काही गोष्टी सरळ, यादीसारख्या सांगतो. कुणाची तरी एक रात्र तरी निवांत जाईल.

लिंगाचा आकार. २०१५ साली डेव्हिड व्हील आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांतली १५,५२१ पुरुषांची डॉक्टरांनी घेतलेली मापं एकत्र केली. ताठर अवस्थेतली सरासरी लांबी निघाली १३.१२ सेंटिमीटर. व्हिडिओत जे दिसतं ते निवडून आणलेलं असतं. त्यावरून स्वतःला मोजणं म्हणजे बास्केटबॉलची टीम बघून स्वतःला बुटकं ठरवणं. एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली असणं हेही अगदी सामान्य.

मुलांची छाती. वयात येताना मोठ्या संख्येनं मुलांची छाती थोडी फुगते, दुखते. बहुतेकांची एक-दोन वर्षांत आपोआप कमी होते. राहिली, वाढली तर डॉक्टरला दाखवायची, पण त्यासाठी पोहणं सोडायचं कारण नाही.

वीर्य. झोपेत जाणं किंवा हस्तमैथुन यानं अशक्तपणा येत नाही, लिंग वाकडं होत नाही, मूल व्हायचं थांबत नाही. ‘धातू जाते’ ही भीती आपल्याकडे इतकी खोल आहे की डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली तिला ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. यात थकवा खरा असतो, पण तो वीर्य गेल्यामुळे नसतो. काळजीमुळे असतो.

मुलींचे स्तन. दोन्ही हुबेहूब सारखे क्वचितच असतात. आकाराचा दूध येण्याशी किंवा सुखाशी थेट संबंध नाही. योनीच्या आतल्या ओठांचा आकार आणि रंगही प्रत्येकीचा वेगळा, आणि ते बाहेर दिसणं, गडद असणं हे सगळं नेहमीचंच.

ओठावर, हनुवटीवर केस. थोडे असणं नैसर्गिक. अचानक वाढले, सोबत पाळी लांबायला लागली, तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. हा लाजेचा नाही, दवाखान्याचा विषय आहे.

योनिपटल. ते बघून मुलीचा संबंध आलाय की नाही हे सांगता येत नाही. काहींना ते जन्मतःच नावापुरतं असतं, काहींचं संबंधानंतरही तसंच राहतं. पहिल्या वेळी रक्त आलं नाही म्हणजे काही सिद्ध होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी, जागतिक आरोग्य संघटनेसह, २०१८ साली कौमार्य चाचणी बंद करा असं सांगितलं. आपल्या महाराष्ट्रात त्याच सुमारास कंजारभाट समाजातल्या तरुणांनीच पुढे येऊन लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध मोहीम उभी केली, विरोध सोसला. स्वतःच्या समाजात उभं राहून बोलणं सोपं नसतं. आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं अत्याचारग्रस्त स्त्रीची ‘दोन बोटांची चाचणी’ करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल असं स्पष्ट बजावलं.

गप्प बसायची सवय कुठून आली?

हे सगळं नव्यानं बोलतोय असं समजू नका. याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे होऊन गेले. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार की नोकरी, असा प्रश्न आला तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ साली जाईपर्यंत चालवलं. लोक त्यांना पत्रं लिहायचे, आणि प्रश्न तेच असायचे जे आज पोरं रात्री दोनला मोबाइलवर शोधतात. कर्वे सरळ उत्तर द्यायचे. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणं अश्लील कसं, असा मुद्दा होता. खटला हरले, दंड झाला. मासिक बंद पडलं नाही.

नंतर काय झालं? २००७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांमधला किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. ‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असं कारण दिलं गेलं. त्या वर्षी आठवीत असलेली मुलं आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यातले काही आज आई-बाप आहेत, काही शिक्षक आहेत. ज्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनी आता पुढच्यांना सांगायचंय. मग कोण सांगणार? मोबाइल सांगतो.

आणि मोबाइलच्या आधी सांगायची ती भिंत. स्टँडच्या, रेल्वे स्टेशनच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ रंगवलेलं तुम्ही पाहिलंय. एक गोष्ट लक्षात ठेवा. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानं लैंगिक शक्ती वाढवणाऱ्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे. त्याच कायद्याच्या यादीत उंची वाढवणं, लठ्ठपणा आणि स्तनांचा आकार यांवरच्या औषधांच्या जाहिरातीही आहेत. म्हणजे ज्या-ज्या गोष्टींची तरुण पोरांना लाज वाटते, नेमक्या त्यांवरच धंदा होणार हे कायदा करणाऱ्यांना सत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं. लाज जितकी मोठी, तितकं बिल मोठं. आणि फसलेला माणूस तक्रार करत नाही, कारण तक्रार करायची तर आधी लाज सांगावी लागते.

गप्प बसण्याची किंमत बायका कशी मोजतात, हे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत दाखवलं. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी-उपचार मिळालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुखणं होतं, शब्द नव्हते. पुढे राणीताईंनी तरुण मुला-मुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली, त्यात शरीर, नातं, जबाबदारी यावर थेट बोललं जातं. हे गडचिरोलीत होऊ शकतं तर नगर जिल्ह्यातल्या कॉलेजात का होऊ नये?

मग करायचं काय?

मुलींनो, शरीर काय ‘दिसतं’ यासोबत ते काय ‘करतं’ याचीही नोंद ठेवा. सायकल मारतं, खेळतं, पाठ करतं, कष्ट करतं. पोटभर जेवा. ‘नको’ हा पूर्ण शब्द आहे, त्याला कारण जोडावं लागत नाही. आणि ‘आवडतं’ म्हणणं हा निर्लज्जपणा नाही.

मुलांनो, व्यायाम करा, इंजेक्शन घेऊ नका. ग्रुपमध्ये एखाद्याच्या उंचीवर, चालीवर, छातीवर जोक चालू झाला की निदान हसू नका. तुमचं न हसणं त्याला कळतं. समोरची गप्प आहे म्हणजे तिची संमती आहे असं नाही. तिला विचारा. विचारल्यानं पुरुषपण कमी होत नाही, भीती मात्र कमी होते. आणि अठराच्या आतल्या व्यक्तीची ‘संमती’ २०१२ च्या पोक्सो कायद्यात धरली जात नाही, हे दोघांनीही लक्षात ठेवा.

ज्यांचं आकर्षण समलिंगी व्यक्तींकडे आहे, किंवा ज्यांना आपलं शरीर आपल्या मनाशी जुळत नाही असं वाटतं, त्यांच्यासाठी ही लाज दुप्पट असते. तुमच्यात रोग नाही. सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत.

आई-बाबांनो, ‘जाड झालीस’, ‘काळवंडलास’, ‘अंगात काही धरत नाही याच्या’ ही वाक्यं महिनाभर बंद ठेवून बघा. स्थळ सांगायला आलेल्या माणसानं रंग विचारला तर तुम्ही शिक्षण सांगा. मुलगी ऐकत असते. मुलगाही ऐकत असतो.

मदत कुठे? सरकारी दवाखान्यांत १० ते १९ वयाच्या मुला-मुलींसाठी ‘मैत्री’ नावाची सल्ला केंद्रं आहेत, तिथे शरीराबद्दलचे प्रश्न विचारता येतात. त्यापुढच्या वयात स्त्रीरोगतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ, भिंतीवरचा वैद्य नाही. मन फार खाली गेलं, जेवण तुटलं, जीव नकोसा वाटला तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. एचआयव्ही आणि लैंगिक आजारांबद्दल विचारायचं असेल तर १०९७.

शेवटचं एक काम देतो. हा भाग एकट्यानं हेडफोन लावून ऐकला असेल तर एका विश्वासाच्या माणसाशी यातल्या एका वाक्याबद्दल बोला. मैत्रीण असेल, भाऊ असेल, वहिनी असेल, नवरा-बायको असाल तर एकमेकांशी. सगळा भाग सांगायची गरज नाही. एक वाक्य पुरे, पुढचं बोलणं आपोआप निघतं.

प्रश्न असतील तर नाव न लिहिता पाठवा. उत्तर देता येतील त्यांची पुढच्या भागात देऊ. तोपर्यंत पोटभर जेवा, नीट झोपा. भेटू.